मदत हवी आहे: 'द ब्रॉइन' आडनावातला तपकिरी रंग केसांचा की कातडीचा?

मंडळी, मी सध्या नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतो. आमच्या टीममधल्या एका बाईंचं आडनाव द ब्रॉइन आहे, म्हणजे खरा उच्चार ब्राउन आणि ब्रॉइनच्या मधे कुठेतरी, माझी जीभ अजून वळत नाही. परवा लंचला अर्थ विचारला तर म्हणाल्या, तपकिरी. आता बाई बघाल तर केस कणसाच्या तुऱ्यासारखे, भुवया शोधाव्या लागतात. मला हसू आलं तर त्यांनी उलट विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? मी गोरे. आणि रंगाने तवा. सांगितल्यावर पूर्ण टेबल पाच मिनिटं हसत होतं.

तर विषय डोक्यातून जाईना. द विट म्हणजे पांढरा, द झ्वार्ट काळा, द लांगं लांब म्हणजे आपले लांबे, क्रल म्हणजे कुरळा (२०१४ च्या वर्ल्डकपमधला पेनल्टी अडवणारा गोलकीपर टिम क्रल आठवतोय?) इथवर समजलं. पण ब्रॉइन हे पूर्वी पुरुषाचं नावही असायचं म्हणे, आणि शेवटी स लावून ब्रॉइन्स केलं की 'ब्रॉइनचा मुलगा'. मग मागे 'द' असलं की ते टोपणनावच धरायचं का?

ऑफिसात एकजण ठासून सांगतो की आडनावं सगळी नेपोलियनने १८११ मध्ये घ्यायला लावली. मला नाही पटत. योहान द विट या डच राजकारण्याला हेगमध्ये जमावाने मारलं ते १६७२ साली, तेव्हा आडनाव होतंच की. १८११ ला ज्यांच्याकडे पक्कं आडनाव नव्हतं त्यांना घ्यावं लागलं, एवढंच असणार.

अजून एक, रोजच्या डचमध्ये तपकिरीच्या स्पेलिंगमध्ये 'j' हे अक्षर नाही, पण बाईंच्या आडनावात आहे. जुनं स्पेलिंग नावात तसंच राहिलं असं त्या म्हणतात. आणि यादीत त्यांना डी खाली शोधत बसलो तर सापडेचनात, इथे 'द' सोडून बी खाली लावतात, बेल्जियममध्ये मात्र डी खालीच. डोक्याला ताप!

कुणी डच घराण्यांच्या वंशावळी चाळल्यात का? १८११ च्या आधीच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांमध्ये असं टोपणनाव बापाच्या नावापुढे लिहिलेलं दिसतं का, की नुसतं मुलाचं आणि बापाचं नाव? बाईंचे पूर्वज इथल्याच झीलंड प्रांताकडचे आहेत. केस की कातडी, यावर कॉफीची पैज लागलीय, मी केसांच्या बाजूने आहे.