तितारेन्कोसारखी धूसर गर्दी पणजीत कुणी टिपावी का?

तिसवाडी:
अलेक्सी तितारेन्को हा छायाचित्रकार 1962 साली लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, जन्मला. सोव्हिएत संघ मोडला, जानेवारी 1992 मध्ये रशियात किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि लोकांनी गाठीला बांधलेला पैसा मातीमोल झाला. त्या दिवसांत तो आपल्याच शहरातल्या वासिलेओस्त्रोव्स्काया मेट्रो स्थानकाबाहेर कॅमेरा लावून उभा राहिला. शटर बराच वेळ उघडं ठेवलं. आत शिरायला धडपडणारी माणसं हलत राहिली, त्यामुळे फोटोत पायऱ्या चढणारा नुसता धूर उमटला. कठड्यावर टेकलेले हात मात्र दिसतात, कारण ते थोडे थांबले होते.

असं काम पणजीत व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे गर्दीचा फोटो म्हणजे शिगम्याच्या रोमटामेळात, त्या मिरवणुकीत, गुलालाने माखलेला एक चेहरा. फोटो छान असतो, पण डिसेंबरात या एवढ्याशा शहरात किती माणूस येऊन जातो, ते त्यातून कळत नाही. शिवाय फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत लोक आपल्या दारात फोटो काढणाऱ्यांना कंटाळले आहेत, पाट्या लावून बसले आहेत. धूसर फोटोत निदान कुणाचा चेहरा न विचारता उचलला जात नाही.

म्हापशाहून:
पटलं नाही. तितारेन्कोच्या शहरात माणसं खरंच उपाशी होती आणि तो त्यांच्यातलाच होता. तंत्र आणाल, ते दिवस कुठून आणाल? पणजीतली गर्दी धूसर केली की सहलीला आलेला माणूस आणि कामावरून घरी निघालेली बाई एकाच राखेत मिसळणार. कदंब बस स्टँडवर संध्याकाळी मडगावच्या शटलसाठी ताटकळणाऱ्या बाईचा चेहरा मला बघायचा आहे. तिचा दिवस कसा गेला ते त्या चेहऱ्यावर असतं.

वेळच दाखवायचा तर पीटर फुंकचं काम बघा. हा डॅनिश छायाचित्रकार न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाजवळ एकाच कोपऱ्यावर, सकाळी साडेआठ ते साडेनऊ याच वेळात, 2007 पासून 2016 पर्यंत फोटो काढत राहिला. तीच माणसं पुन्हा पुन्हा सापडतात. कधी तोच शर्ट, कधी तीच कपाळावरची आठी. नोकरी माणसाचं काय करते ते त्या जोड्यांमधून दिसतं, आणि एकही चेहरा पुसावा लागत नाही.

तिसवाडी:
पण ती माणसं आपला फोटो निघतोय हे ओळखूनही नव्हती! फोंतेन्हासच्या दारात जे खटकतं, ते तिथे नऊ वर्षं चालतं का? आणि त्या दिवसांचं म्हणाल, तर तितारेन्को पुढे व्हेनिस आणि हवानातही गेला. व्हेनिस तर पर्यटकांचंच शहर.

डार्करूम:
उजेडाचं कुणीच बोलत नाही. सेंट पीटर्सबर्ग 60 अक्षांशावर, हिवाळ्यात तिथे उजेड नावापुरता. आपण 15 अक्षांशावर. इथल्या दुपारी कॅमेरा कमी उजेड घेईल असा, म्हणजे आयएसओ 100, एफ 16 वर, ठेवला तरी शटर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागावर येतं. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड हजारेक पटीने कमी करणारी काळी काच, लावला की साधारण दहा सेकंद मिळतात, पण सावल्या करकरीत राहतात, तो मऊपणा येत नाही. करायचंच तर जुलैत करा, पाऊस भरून आलेला असताना.

डिचोली:
शटर लांबवलं की कोण पुसलं जातं आणि कोण उरतं, हे आधी बघू. फोटोग्राफीचा एक जनक दागेर याने 1838 मध्ये पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. घोडागाड्या, येणारे-जाणारे, सगळे नाहीसे झाले. बुटांना पॉलिश करून घेणारा तेवढा उरला, कारण तो जागेवर उभा होता. आता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्याच रीतीने टिपा. गिऱ्हाइकं विरून जातील. फुलं घेऊन बसलेली, गावठी मिरच्यांचे ढीग मांडून बसलेली बाई उरेल. जो दिवसभर तिथे आहे तोच फोटोत राहील. मला हा न्याय वाटतो.

म्हापशाहून:
बसून काम करणाऱ्यालाच हा न्याय. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकत जाणारा पोदेर? उन्हात मोटरसायकलवरून भाड्याने माणसं पोचवत फेऱ्या मारणारा पायलट? ज्याचं पोटच फिरण्यावर आहे तो तुमच्या फोटोत पर्यटकाबरोबर पुसला जातो.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2025 च्या मे महिन्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. गर्दीला एक वाहता पुंजका म्हणून बघण्याची सवय मला म्हणूनच नको वाटते. आत प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा लागते.

डिचोली:
शिरगाव आमच्या तालुक्यात आहे. धोंडांमध्ये, म्हणजे व्रत धरून जत्रेला जाणाऱ्या भक्तांमध्ये, घरची माणसं असतात, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. तरी मी उलट म्हणेन. जत्रेच्या फोटोंत आपण होमखंडाच्या, म्हणजे जत्रेतल्या अग्नीच्या, उजेडातला एकेक धोंड बघत आलो, अरुंद वाटेवर किती दाब साचतो ते कधी बघितलंच नाही. शटर उघडं ठेवलेल्या फोटोत कुठे प्रवाह आहे आणि कुठे माणसं अडकून उभी आहेत, हे वेगळं दिसलं असतं. अडकलेला माणूस स्पष्ट उमटतो.

तिसवाडी:
हे माझ्या डोक्यात नव्हतं. पोदेराचा मुद्दाही खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण बेतीच्या फेरीबोटीवर कॅमेरा लावला तर? बोटीवर माणसं आणि पायलट गाडीसकट उभे असतात, ते उमटतील. पणजीचा काठ सरकत विरेल. इंजिनाच्या थरथरीने चेहरे थोडे हलतील, तेवढं चालेल.

म्हापशाहून:
चालेल, पण उभं राहण्याआधी त्यांना विचारा. आणि एका खेपेवर थांबू नका, त्याच वेळच्या फेरीला वर्षभर जा.