बाबांचं फिरणं थांबलंय: रस्ता आड येतोय की सोबत नाही म्हणून? मदत हवी आहे

नमस्कार. बाबांचं वय ७४. आई गेल्यावर ते जुनं घर सोडून आमच्याकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला आले. तिकडे सकाळ-संध्याकाळचं फिरणं होतंच, शिवाय या ना त्या कामासाठी दिवसातून चारदा बाहेर पडणं व्हायचं. इथे आल्यापासून ते खुर्ची सोडत नाहीत. डॉक्टरांनी नीट तपासलं. गुडघे, हृदय, नजर वयाच्या मानाने ठीक आहेत, चालायला कसलीही बंदी नाही. तरी रोज "उद्या बघू" हेच उत्तर.

बाग जवळ आहे, पण मध्ये मोठा रस्ता. सिग्नल इतका लवकर बदलतो की मलाही झपझप पावलं उचलावी लागतात. पदपथावर गाड्या लावलेल्या, फरशा उखडलेल्या, वाटेत टेकायला जागा नाही. आणि इथे त्यांना नावाने हाक मारणारं कुणीच नाही. मी संध्याकाळी कामावरून आल्यावर "आज चालून आलात का?" विचारते, तर हल्ली चिडतात.

ट्रेडमिल घ्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. पण मला नुसती पावलं मोजायची नाहीत, बाबा पुन्हा माणसांत यायला हवेत. आधी काय हाती घेऊ? रस्त्याची अडचण की सोबत? अनुभव असलेल्यांनी किंवा या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिग्नलबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून अनेक ठिकाणी सिग्नलची वेळ ठरवतात. सत्तरीपुढच्या कितीतरी धडधाकट माणसांचा वेग याहून कमी असतो. २४ मीटरचा रस्ता १.२ च्या वेगाने २० सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ च्या वेगाने ३० लागतात. ती १० सेकंदं गाड्यांसमोर काढायची भीती एकदा मनात बसली की माणूस घराबाहेर पडायचंच टाळतो, आणि आपण त्याला आळस म्हणतो. घरात ४ मीटर अंतर आखून बाबांचा नेहमीचा वेग मोजा, अंदाज येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तो आकडा सध्या बाबांसमोर काढू नका. त्याच सूचनांत म्हटलंय की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं. मात्र तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस व्हायला हवेत, त्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं इथून सुरुवात करा, शेजारी कुणीतरी उभं राहू दे. छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबून डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद २
नगररचनेत काम करते म्हणून लिहितेय. लॉटन आणि नाहेमो या वृद्धत्वाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडेल. माणसाची क्षमता आणि परिसराची मागणी यांचा मेळ बसला तर माणूस हिंडता-फिरता राहतो. क्षमता कमी होते तसा परिसराचा प्रभाव वाढतो. आपल्याला न जाणवणारी पायरी त्यांची वाट अडवते. पण याची दुसरी बाजूही आहे: मागणी फारच कमी झाली तरी माणूस खचतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी गाडीने सोडणं हा उपाय नव्हे.

एका सुटीच्या दिवशी बाबांच्या चालीने, त्यांच्याबरोबर चाला. ते कुठे थबकतात, कुठे आधार शोधतात, हे बघा. बागेचा हट्ट सोडा, रस्ता ओलांडावाच लागणार नाही अशी एखादी फेरी शोधा. वाटेत स्वच्छतागृह आहे का, हे अवश्य पाहा. बाहेर न पडण्याचं ते फार मोठं कारण असतं आणि वडील मुलीला ते सहसा सांगत नाहीत.

प्रतिसाद ३
ताई, मी स्वतः बाबांच्याच वयाची. तुम्ही विचारता ती चौकशी आहे, पण त्यांना ती हजेरी वाटत असेल. "चला, मी येतेय" हे वेगळं. त्यांच्या जुन्या मित्रांची जागा मुलगी घेऊ शकत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. समवयस्कांत माणूस दुखणी बोलतो, हसतो, आणि न गेल्यास दुसरा दार वाजवतो. इमारतीतलं एकच असं माणूस शोधा. आणि बाबांकडे एखादं काम सोपवा, ज्यासाठी बाहेर जावंच लागेल आणि जे खरोखर घराच्या उपयोगाचं असेल. खोटं काम लगेच ओळखू येतं आम्हाला!

प्रतिसाद ४
सॅलिस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये व्यायामासाठी मिळणारा आधार मोजायची एक प्रश्नावली केली. त्यात कुटुंब आणि मित्र यांच्याबद्दल वेगवेगळं विचारतात. बरोबर व्यायाम करणं, प्रोत्साहन देणं यांची नोंद होते, तशी टीका आणि कुरकुर यांचीही. प्रतिसाद ३ मधल्या ताईंचं हजेरीबद्दलचं म्हणणं त्याच्याशी जुळतं. फक्त एक सांगतो: सोबत मिळाली म्हणून सिग्नलचा प्रश्न सुटत नाही. दोघे म्हातारे एकत्र ओलांडले तरी सेकंदं तेवढीच.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. स्वच्छतागृहाचं मला सुचलंच नव्हतं. आज बाबांना हळूच विचारलं, तर ते बराच वेळ बोलले. रविवारी दोघं मिळून रस्ता न ओलांडता होईल अशी फेरी शोधणार आहोत. खालच्या मजल्यावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ राहतात, त्यांनाही बरोबर यायचं विचारते.

आता एक नेमकी मदत हवी आहे. पादचारी सिग्नलची वेळ वाढवून घेण्यासाठी कुणी अर्ज केला आहे का? रस्त्याची रुंदी आणि ज्येष्ठांचा चालण्याचा वेग मोजून सोबत जोडला तर दखल घेतात का? अर्जाचा मसुदा असेल तर कृपया इथेच टाका.