झोंबाझोंबी जमिनीवर गेल्यावर पोलिसाने काय करावे?

मूळ मांडणी : निवृत्त सहायक फौजदार, हिंगोली जिल्हा

माझ्या नोकरीच्या बाराव्या वर्षी घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून ती येथे मांडतो. मोटारसायकल चोरीतील एक संशयित शेतवस्तीवर आल्याची खबर मिळाल्याने मी आणि एक शिपाई रात्री तेथे गेलो होतो. शिपाई पुढच्या अंगाला थांबला आणि मी मागच्या धुऱ्यावर उभा राहिलो. तो माणूस मागूनच निघाला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघेही वेचणी झालेल्या कापसाच्या रानात आडवे झालो. लाठी पडतानाच हातातून सुटली होती, आणि हातात असती तरी वीतभर अंतरात लाठी फिरवता येत नाही. तो माझ्या छातीवर बसला. त्याचा गुडघा माझ्या उजव्या दंडावर होता, पऱ्हाटीचे खुंट पाठीत रुतत होते आणि त्याची बोटे माझ्या रिव्हॉल्व्हरच्या दोरीत अडकली होती. त्याला शस्त्र हवे होते की नुसता हात सोडवायचा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी प्रशिक्षण केंद्रातले काहीही मला आठवले नाही, कारण अशा वेळी आठवावे असे काही शिकवलेलेच नव्हते.

शिपाई धावत आला आणि त्याने हातातली बॅटरी त्या माणसाच्या डोक्यात घातली. नंतर, त्याचे हात बांधून झाल्यावर, मीही त्याला मारले. ते मारणे भीतीपोटी होते आणि ते सर्वस्वी चूक होते. निवृत्तीनंतर मी यावर पुष्कळ विचार केला आणि माझे मत असे झाले आहे की, खाली पडल्यावर काय करायचे हे ज्या पोलिसाला ठाऊक नसते, तोच वर आल्यावर नको तेवढे मारतो.

आपल्या शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. पुरुषांसाठी 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक अशी ती चाचणी असते. उमेदवार किती पळतो आणि किती लांब फेकतो हे त्यातून कळते, परंतु कोणी अंगाशी झोंबल्यावर त्याचे काय होते हे कळत नाही. पुढे प्रशिक्षणात कवायत, लाठी, गोळीबार आणि थोडीफार विनाशस्त्र झुंज शिकवली जाते, पण माझ्या अनुभवात तीही उभ्यानेच, ओळीत आणि आकडे मोजत करून घेतली जात असे.

माझी मागणी मर्यादित आहे. जिउ-जित्सू या जमिनीवर पडून झुंजण्याच्या परदेशी प्रकारातून थोडेच घ्यावे. छातीवर बसलेल्या माणसाचा एका बाजूचा हात आणि पाय अडकवून, कंबर उचलून त्याला कुशीवर उलटवणे. शस्त्राची बाजू जमिनीला लावून झाकणे. एक हात टेकवून, दुसरा समोर धरून आणि पाय अंगाखाली ओढून पाठ न दाखवता उठणे. आणि आपण वर असू तर छातीवर भार न देता बाजूने हात धरून ठेवणे, एवढे प्रत्येक अंमलदाराला यावे. आठवड्यातून एक तास दिला तरी यासाठी पुरेसा आहे. जालना आणि लातूरजवळील बाभळगाव येथे प्रशिक्षण केंद्रे आहेत, म्हणजे सुरुवात आपल्याच भागात होऊ शकते.

प्रतिसाद : वकील, छत्रपती संभाजीनगर

आपण स्वतःची चूक उघडपणे लिहिली याबद्दल आदर वाटतो, तरीही आपल्या निष्कर्षाला माझा विरोध आहे. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीतील तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर या भागातील सामान्य माणूस पोलिसांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आपणास सांगायला नको. अशा वेळी पोलिसांच्या हाती बळाचे आणखी एक साधन देणे मला धोक्याचे वाटते. साधन शिकवले की ते वापरले जाते, आणि जेथे पूर्वी दोन शब्द बोलून भागत होते तेथे माणसाला खाली पाडण्याचा मोह होतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 46 स्पष्ट सांगते की, अटक केलेल्या माणसाला पळून जाण्यापासून रोखण्यासाठी लागेल त्याहून अधिक जखडून ठेवता येणार नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात 25 मे 2020 रोजी जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने सुमारे साडेनऊ मिनिटे गुडघ्याखाली दाबून ठेवले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते जमिनीवर पालथे होते, हात बेड्यांत होते आणि दाबणारा पोलीस नवशिका नव्हता. आपण जमिनीवरचे कौशल्य म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच दृश्य येते.

प्रतिसाद : तालमीतला जुना गडी, लातूर जिल्हा

वकील साहेबांची भीती मला पटते, पण माझा आक्षेप निराळा आहे. नवीन काही आणण्याची गरजच काय? हा रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हेसुद्धा पोलीस खात्यातच होते. ज्याने चार वर्षे लाल मातीत अंग घुसळले आहे, त्याला कमरेला मिठी मारलेल्या माणसाची भीती वाटत नाही. जत्रेच्या फडात नारळावरची कुस्ती लढलेला पोरगा आपल्या प्रशिक्षकाइतकेच शिकवू शकेल. परदेशी जिउ-जित्सूचे वर्ग लावण्याऐवजी गावोगावच्या ओस पडत चाललेल्या तालमींना पैसे द्या आणि शिपायांना तेथे पाठवा.

मूळ लेखकाचे उत्तर

वस्ताद, तालमींना पैसे मिळावेत हे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. तोल, पकड, दम आणि अंगाला अंग लागल्यावर न बिचकणे, हे सारे कुस्तीसारखे दुसरीकडे क्वचितच मिळते. मात्र दोन ठिकाणी कुस्तीची सवय रस्त्यावर उलटी पडते.

पहिली गोष्ट पाठीची. कुस्तीत पाठ टेकली की माणूस चितपट झाला, म्हणून खाली गेलेला पैलवान जिवाच्या आकांताने पालथा होतो. रस्त्यावर पालथे होणे म्हणजे आपले हात आपल्याच अंगाखाली अडकवून घेणे, समोरच्याला मान देणे आणि कमरेचे शस्त्र त्याच्यासाठी उघडे ठेवणे. पोलिसाला पाठीवर पडूनही लढता आले पाहिजे, कारण त्याची कुस्ती तेथे संपत नाही. जिउ-जित्सूमधून घ्यायचे ते एवढेच की, खाली असलेला माणूस पाय आणि कंबर वापरून वरच्याला दूर ठेवू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि वकील साहेबांचे म्हणणेही तिच्याशी जोडलेले आहे. सवारी भरून, म्हणजे खालच्या गड्याच्या पाठीवर चढून, कब्जा घेतल्यावर पैलवान घुटना ठेवतो. खालच्याच्या मानेवर गुडघा येतो, तो वळतो आणि चीत होतो. फडात टाळ्या पडतात. आखाड्यात पंच उभा असतो, खालचा गडी तयारीचा असतो आणि डाव थोड्या वेळात संपतो. तोच गुडघा दारू प्यायलेल्या, धावून दमलेल्या आणि हात मागे ओढलेल्या माणसाच्या मानेवर आला, तर तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तालमीतून आलेल्या शिपायाला काय करायचे हे जितके शिकवावे लागेल, तितकेच काय सोडून द्यायचे हेही शिकवावे लागेल.

वकील साहेब, पालथ्या माणसाच्या पाठीवर भार आला की त्याची छाती फुगत नाही. झटापटीनंतर शरीराला एरवीपेक्षा जास्त श्वास हवा असतो आणि नेमका तोच मिळत नाही. मग तो श्वासासाठी तडफडतो, आणि वरच्या अडाणी पोलिसाला ती तडफड म्हणजे प्रतिकार वाटते, म्हणून तो आणखी दाबतो. बेड्या पडताच माणसाला पोटावरून हलवावे, ही सूचना अमेरिकेच्या न्याय विभागाने 1995 मध्येच दिली होती. मिनियापोलिसमध्ये ती पाळली गेली नाही. दाबणारा नवशिका नव्हता हे तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच माणसाला उलथवण्याच्या तासाचा शेवट दर वेळी त्याला कुशीवर आणून बसवण्याने व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद : महिला पोलीस अंमलदार, जालना

या चर्चेत आतापर्यंत सगळे पैलवानांविषयी बोलले गेले, म्हणून लिहिते. माझे वजन 51 किलो आहे. स्त्री आरोपीला अटक करताना, तशी परिस्थितीच नसेल तर, पुरुष पोलिसाने तिच्या अंगाला हात लावू नये असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे रात्री-अपरात्री कोणी बाई बेभान झालेली असली की ठाण्यातून मलाच पुढे केले जाते. एकदा अशाच एका बाईने माझे केस धरून मला ओट्यावरून खाली ओढले. ती शेतात राबणारी, माझ्याहून दीडपट ताकदीची होती. आम्ही दोघी पडलो आणि मला करता आले ते एवढेच की मी डोळे मिटले आणि तिचे मनगट दातांनी धरले. नंतर वैद्यकीय तपासणीत तो चावा नोंदवला गेला आणि त्याचे उत्तर मला द्यावे लागले.

पुढे मी स्वखर्चाने आठ महिने ज्युदो शिकले. वजनात कमी असलेल्याने केस धरणाऱ्याचा हात आपल्या डोक्याशीच दाबून कसा धरावा आणि मग अंग कसे वळवावे, हे मला तेथे कळले. आता मला तितकी भीती वाटत नाही, आणि भीती कमी झाल्यापासून मी आरोपीशी अधिक वेळ बोलते. साधन मिळाले की पोलीस ते वापरतोच, हे वकील साहेबांचे म्हणणे माझ्या बाबतीत तरी खरे ठरले नाही.

प्रतिसाद : पोलीस निरीक्षक, बीड जिल्हा

ताईंचा अनुभव बोलका आहे, तरी ठाणे चालवणाऱ्याची अडचणही ऐकावी. मंजूर संख्येपेक्षा माणसे कमी, त्यात यात्रा, मोर्चे, निवडणुका आणि व्हीआयपी बंदोबस्त. आठवड्यातून एक तास म्हणणे सोपे आहे, पण तो तास रात्रगस्त करून आलेल्याच्या झोपेतूनच काढला जाईल. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या हवालदाराचा गुडघा सरावात गेला, तर माझा आणखी एक माणूस दोन महिने घरी बसेल. शिवाय माझ्या मते एकट्याने झोंबण्याची वेळच येऊ नये. दोघांनी जावे, अंतर राखावे, बोलत राहावे, कुमक मागवावी. मूळ लेखकांच्या प्रसंगात खरी चूक झोंबी न येण्याची नव्हती, दोनच माणसे घेऊन अंधारात वस्ती घेरण्याची होती.

मूळ लेखकाचे उत्तर

साहेब, ती चूक मी मान्य करतो. परंतु चार माणसे देणे त्या रात्री कोणाच्याही हातात नव्हते आणि आजही अनेक ठाण्यांत नसते. सरावातील दुखापतीची काळजी रास्त आहे; म्हणून चाळिशीपुढच्यांना फेकाफेकी नको, गादीवर बसूनच सराव असावा. अमेरिकेतील मॅरिएटा या शहराच्या पोलिसांनी 2019 पासून नव्या भरतीला जिउ-जित्सूचे वर्ग लावले आहेत. ते शहरातील खाजगी वर्गात शिकतात आणि खर्च खाते करते. त्यानंतर पोलिसांच्या आणि पकडलेल्यांच्या दुखापती घटल्याचे त्या खात्याने सांगितले आहे.

प्रतिसाद : वकील, छत्रपती संभाजीनगर

स्वतःच्या योजनेचे यश सांगणारे खाते हा पुरावा म्हणून मी कमकुवत समजतो. तेथे हात पकडला की लगेच बेडी पडते, हा फरकही ध्यानात घ्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सरसकट बेड्या घालण्यास मनाई केली आणि नव्या संहितेच्या कलम 43 नेही सराईत गुन्हेगार, खून, बलात्कार, अमली पदार्थ अशा ठरावीक प्रकारांतच बेडीची मुभा दिली. रस्त्यावरच्या किरकोळ भांडणात बेडी नाही, म्हणजे तो माणूस तुमच्या शिपायाच्या अंगाखाली कितीतरी अधिक वेळ राहणार. ताईंचे म्हणणे वाचून माझा विरोध थोडा सैल झाला आहे, पण एक अट मी सोडणार नाही. माणूस जमिनीवर नेला की, किती वेळ ठेवला, कोणी धरला, कुशीवर केव्हा आणला आणि डॉक्टरला केव्हा दाखवला, याची त्याच रात्री ठाणे दैनंदिनीत नोंद व्हावी.

मूळ लेखकाचे उत्तर

अट मान्य आहे. बेडी नसताना माणसाला हातानेच धरून ठेवावे लागते, म्हणून त्याचा श्वास न अडवता धरण्याची रीत आपल्याकडे तिकडच्यापेक्षा अधिक गरजेची आहे. माझ्या त्या रात्रीच्या नोंदीत ‘आरोपीस ताब्यात घेतले’ एवढे तीनच शब्द होते. बॅटरीचा घाव त्यात नव्हता आणि हात बांधल्यावरचे माझे मारणेही नव्हते.

प्रतिसाद : तालमीतला जुना गडी, लातूर जिल्हा

घुटन्याचे तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. आमच्या आखाड्यात भरतीची तयारी करणारी अकरा पोरे आहेत. उद्या सकाळपासून त्यांच्याकडून सवारी सोडून कुशीवर आणण्याचा सराव वेगळा करून घेणार आहे. पाठीवर पडून लढायचे मला स्वतःला येत नाही. जालन्याच्या ताई किंवा त्यांचे ज्युदोचे शिक्षक एखाद्या रविवारी येऊ शकत असतील, तर येण्याजाण्याची सोय तालीम करील.