मुंबईत नवीन आहे, परळ-दादर भागात साधं आणि चांगलं कुठे खायचं?

नांदेडकर_मुंबईत:
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी नांदेडहून आलोय, परळला पीजीमध्ये राहतो. ऑफिसच्या आजूबाजूला सगळे मॉलमधले कॅफे आणि अ‍ॅपवर शोधलं की फिरून फिरून तीच नावं वर येतात, ती मला नकोयत. जिथं त्या भागातली माणसं रोजची जेवतात, एकट्या माणसाला कोणी ताटकळत ठेवत नाही अशी ठिकाणं सांगा ना. शनिवार-रविवार मोकळा असतो, एकेक एरिया पायी फिरायची तयारी आहे. मासे आवडतात पण आमच्याकडे गोदावरीचे गोड्या पाण्यातले, समुद्राच्या माशांमधलं काय मागवावं हे कळत नाही.

गोखले_रोड:
परळला राहताय तर पहिलं दादर वेस्ट. सेना भवनासमोर आस्वाद आहे, 1986 पासूनचं, त्यांच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनचा पुरस्कार मिळाला तेव्हापासून बाहेरची गर्दी खूप वाढली पण आमच्याकडचे आजी-आजोबा अजूनही तिथेच थालीपीठ खायला जातात. तिथून पुढे गोखले रोडवर प्रकाश, तिथे मेनू वाचत बसू नका, साबुदाणा वडा आणि पियूष हे गोड पेय घ्यायचं. अशा जुन्या हॉटेलात प्रत्येकाची एक-दोन गोष्टींची ख्याती असते, शेजारच्या टेबलांवर काय येतंय ते बघायचं आणि तेच सांगायचं. एकटे असाल तर दुसऱ्यांच्या टेबलावर बसवतात, त्यात काही वाटून घेऊ नका, इथे सगळेच तसे बसतात.

माटुंग्याची_लेक:
दादर झालं की एक स्टेशन पुढे माटुंगा, सेंट्रल लाइनवरचं, माटुंगा रोड नाही. राम आश्रय 1939 चं, भल्या सकाळी उघडतं आणि खरी मजा तेव्हाच, रविवारी नऊ-दहानंतर गेलात तर बाहेर उभं राहणं आलंच. शिरा विचारा, रोज वेगळा असतो. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास 1940 चं, तिथे रसम वडा आणि नाचणीचा डोसा. पण तुम्हाला पोटभर जेवण पाहिजे असेल तर स्टेशनजवळच्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये जा, केळीच्या पानावर वाढतात, 1942 पासून चालू आहे. माझे बाबा लग्नाआधी तिथेच जेवायचे, आणि मला मनापासून वाटतं की घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला या शहरात अशी पंगत मिळते हे फार मोठं आहे. सोमवारी मात्र जायच्या आधी चौकशी करा, माटुंग्यात बरीच हॉटेलं त्या दिवशी बंद असतात.

बांगडा_फ्राय:
माशांचं मी सांगतो. दादरला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य, कुठेही जा. थाळीचा भाव माशावर ठरतो, पापलेट-सुरमई महाग, बांगडा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते चवीला सगळ्यात दमदार. सुरुवात बांगडा थाळीने करा, सोबत तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, आणि सोलकढी शेवटच्या भातासाठी राखून ठेवा. काटे असतात, सावकाश जेवा. दुसरं म्हणजे सीझन. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर आणि यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताटात येतो तो बराचसा बर्फातला मासा, तेव्हा सरळ सुकट नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण मागवा. ताजा मासा खायचा तर नारळी पौर्णिमेनंतर.

आणि परळला राहताय म्हणून सांगतो, हा सगळा गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बायकांनी घरात चालवलेल्या खानावळीत जेवायचे. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 82 च्या संपानंतर गिरण्या गेल्या तशा खानावळीही कमी झाल्या, पण लालबाग-परळच्या गल्ल्यांमध्ये पोळीभाजी आणि डबे देणाऱ्या बायका अजून आहेत. पीजीच्या वॉचमनला नाहीतर खालच्या वाण्याला विचारा, अ‍ॅपवर त्या दिसणार नाहीत. रोजच्या जेवणाची सोय तिथेच लावा, हॉटेलं वीकेंडला.

नांदेडकर_मुंबईत:
सगळ्यांना खूप धन्यवाद, वाण्याला आजच विचारतो. एक राहिलं, मिसळ. दादरला एका ठिकाणी खाल्ली, चांगली होती पण आमच्या जिभेला गोडसर लागली. झणझणीत कुठे मिळेल?

गोखले_रोड:
दादर-गिरगावची मिसळ तशीच असते भाऊ, ब्राह्मणी वळणाची, थोडा गूळ, थोडं आंबट. गिरगावात फणसवाडीला विनय आहे तिथली खाऊन बघा, पण तीही फार जाळणारी नाही.

बांगडा_फ्राय:
झणझणीत पाहिजे तर ठाण्याला मामलेदार. स्टेशनपासून चालत जाता येतं. कमी, मध्यम, तिखट असं विचारतात. नांदेडचे असलात तरी पहिल्यांदा मध्यमच सांगा.

माटुंग्याची_लेक:
आणि ताक घ्या बरोबर.