लसी पूर्ण होईपर्यंतचे आठवडे

सगळ्या लसी होईपर्यंत कुत्र्याच्या पिल्लाला उंबऱ्याबाहेर काढूच नये, हा या चर्चेत वर कोणी दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी रक्तातील प्रथिने) लसीचा परिणाम रोखू शकतात, म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू झालेले डोस १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. तोवर त्याला सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडणे धोक्याचेच आहे. मात्र नवी माणसे, आवाज आणि जागा पिल्लू सर्वांत सहज स्वीकारते तो काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा असतो, म्हणजे लसीकरण संपण्याआधीच तो सरतो, आणि ही बाब येथे कोणी मांडलेली दिसली नाही.

आमच्याकडे पिल्लू आल्यापासून घराचे वेळापत्रक त्याच्याच झोपेवर ठरते. सासूबाई संध्याकाळी त्याला शालीत गुंडाळून, खाली न ठेवता, फाटकापर्यंत नेतात आणि रिक्षा, भाजीची गाडी, हेल्मेट घातलेली माणसे त्याला निवांत पाहू देतात. कुकरच्या शिट्टीने पिल्लू सुरुवातीला सोफ्याखाली शिरून थरथरत असे. प्रत्येक शिट्टीसरशी मुलीने त्याला उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायला सुरुवात केली, आणि आता शिट्टी वाजली की ते शेपूट हलवत ओट्यापाशी येऊन बसते. दिवाळीपूर्वी फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात ऐकवून हीच पद्धत वापरण्याचा आमचा विचार आहे.