कोजागरीला गच्चीवर दोन तास फोनबंदी: व्यवस्था कशी लावावी?

बी_विंग_इंदिरानगर

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे सोसायटी आहे. कोजागरीचं दूध गच्चीवर असतं, माणसं 40, फोन धरून चाला 45. दूध हातात, चंद्र डोक्यावर आणि माना खाली, असा कार्यक्रम दरवर्षी होतो. ‘को जागर्ति’ विचारायला लक्ष्मीला गच्चीपर्यंत यायचीही गरज नाही, कोण कोण ऑनलाइन आहे ते ग्रुपवर दिसतंच.

यंदा कमिटीने ठरवलंय, रात्री 9 ते 11 सगळ्यांचे फोन जमा. ठराव एकमताने झाला, पण ठराव मांडला तेव्हा निम्मे जण फोनमध्ये होते, त्यामुळे कशाला हात वर केला ते त्यांना अजून कळलेलं नाही.

फोन ठेवायचे कुठे? बंद करून घ्यायचे की चालू? घरून तातडीचा फोन आला तर? आणि चंद्राचा फोटो काढल्याशिवाय ए विंग दूध पिणार नाही, त्याचं काय? एकाने चिवड्याचा मोठा स्टीलचा डबा देऊ केलाय.

कापडी_खिसा

डबा आधी रद्द करा. फोनवर फोन ठेवले की एकाच्या कॅमेऱ्याचा उंचवटा दुसऱ्याच्या काचेवर घासतो. काच काचेला फारसं काही करत नाही, पण मध्ये धुळीतली वाळू असते, आणि वाळूतला क्वार्ट्झ फोनच्या काचेपेक्षा कडक असतो. झाकण लावलं तर स्टीलमुळे सिग्नल मंदावतो, मग प्रत्येक फोन टॉवर शोधायला जास्त जोर लावतो, बॅटरी उतरते आणि आत ऊब साठते. तिसरी अडचण माणसांची आहे. एक फोन थरथरला की अख्खा डबा वाजतो आणि 40 जण एकदम उठून ‘माझा, माझा’ म्हणत येतात.

त्याऐवजी दाराला लटकवतात ते कापडी बूट-रॅक घ्या, 24 खिशांचे दोन. मेनरोडला किंवा कुठल्याही घरगुती सामानाच्या दुकानात मिळतात. खिसा आतून किमान 12 सेंटीमीटर रुंद हवा, कारण कव्हरसकट फोन 8 ते 9 सेंटीमीटर भरतो आणि घट्ट खिशातून ओढताना बाजूची बटणं दाबली जातात. काही फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं की आणीबाणीचा नंबर लागतो, तेवढं टाळा.

खिसे अपारदर्शक घ्या. पारदर्शक घेतले तर लोक रॅकसमोर उभे राहून नोटिफिकेशन वाचतील. पूर्वी दुकानाबाहेरच्या टीव्हीवर मॅच बघायला उभे राहायचे तसे.

वजन विसरू नका. कव्हरसकट फोन सरासरी 230 ग्रॅम धरला तर एका रॅकवर साडेपाच किलो होतात. सोबत मिळणारे पत्र्याचे पातळ हूक तेवढ्याने वाकतात. वरच्या शिवणीतून सुतळी ओवून जिन्याच्या ग्रिलला चार जागी बांधा. दुधाच्या शेगडीपासून लांब, आणि उघड्यावर नको, ऑक्टोबरच्या रात्री दव पडतं.

ओळखीसाठी लकी ड्रॉची दुहेरी कुपनं. एक अर्धुक कव्हरच्या पाठीवर मास्किंग टेपने, दुसरं मालकाकडे. सेलोटेप नको, चिकट राहतो. 45 पैकी निम्म्या फोनांना काळं कव्हर असणार, तेव्हा ‘माझा काळा आहे’ हा पुरावा धरू नका.

टॉवर_आणि_रेंज

बंद करून घेऊ नका. फोन बंद असेल तर बहुतेक अँड्रॉइडवर लावलेला अलार्म वाजत नाही, आणि रात्री साडेनऊची गोळी मोबाईलच्या भरवशावर घेणारे तुमच्याकडे चार तरी असतील. शिवाय पुन्हा चालू केल्यावर पहिल्यांदा बोट किंवा चेहरा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. रोज बोट टेकवून उघडणाऱ्या माणसाला रांगेत उभं राहून पॅटर्न आठवत नाही. तो उघडेपर्यंत व्हॉट्सॲपही जागं होत नाही.

चालू ठेवा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग साउंड, मग डू नॉट डिस्टर्ब. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. कॉल्समध्ये ‘स्टार्ड कॉन्टॅक्ट्स’ (तारा लावून ठेवलेले नंबर) चालू, ‘रिपीट कॉलर्स’ चालू. त्याने एकाच माणसाने 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आयफोनला हे ‘फोकस’मध्ये सापडेल, तिथे मुदत 3 मिनिटं आहे. घरी आजी एकट्या असतील तर त्यांना सांगून ठेवा: उचलला नाही तर लगेच परत लावायचा. व्हॉट्सॲप कॉलच्या बाबतीत यावर विसंबू नका, साधा कॉलच करायला सांगा. अलार्म या मोडमध्ये सहसा वाजतात, तरी सेटिंग बघून घ्या. ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ (स्क्रीन झोपली तरी वेळ दाखवत राहते ते) बंद करा, नाहीतर खिशांच्या तोंडातून उजेड येत राहील आणि मंडळी तिकडेच बघत बसतील.

रॅकपाशी एक माणूस बसवा. त्याच्याकडे एक ‘ड्युटी फोन’, पूर्ण चार्ज, रिंग मोठी. तो नंबर आदल्या दिवशी घरच्यांना आणि वॉचमनला कळवा. कॉल फॉरवर्डिंगच्या भानगडीत पडू नका. फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं. शिवाय 45 फोन एकाच नंबरवर वळवले तर तो नंबर कायम व्यस्त लागणार.

दोघातिघांचे फोन घेऊच नका. ऑन-कॉल डॉक्टर, आणि ज्यांच्या दंडावर ग्लुकोजचा सेन्सर आहे ते. सेन्सर ब्लूटूथने काही मीटरपर्यंतच पोचतो आणि साखर उतरल्याची सूचना फोनवर वाजते. त्यांना चिडवू नये हे मुलांना आधीच सांगा.

नुसता_वाचक

अंताक्षरीत दुसऱ्या कडव्यावर वाद झाला तर निकाल कुणी द्यायचा?

कापडी_खिसा

जो मोठ्याने गाईल त्याचा. मोबाईल यायच्या आधी हीच पद्धत होती.

आयएसओ_पन्नास

फोटोचं सांगतो. ए विंगला हे समजावून द्या: चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश भरतो. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा साधारण 70 अंश बघतो. म्हणजे 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत चंद्राच्या वाट्याला 30 पिक्सेलच्या आसपास येतात. 40 जणांनी 40 फोटो काढले तरी प्रत्येकाकडे तोच पांढरा ठिपका असणार, त्यातले काही तर गच्चीच्या दिव्याचे.

एकच माणूस नेमा, ज्याच्या फोनला खरी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे, 3 पट किंवा 5 पट. प्रो मोड (सेटिंग हाताने करायचा), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता 50, शटर 1/500 सेकंदापासून सुरुवात. पांढरा गोळा दिसला तर 1/1000 करा. कारण सोपं आहे: पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. ऑटो मोड आजूबाजूचा अंधार बघून उजेड वाढवतो आणि खडकाची चांदी होते. नाइट मोडने आणखी बिघडतं. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग उजेडाची पट्टी खाली ओढा. फोन कठड्याला टेकवून 3 सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेही चित्र हलतं.

काही फोन चंद्र ओळखून तपशील स्वतःच भरतात. ‘सीन ऑप्टिमायझर’ बंद करून एकदा काढून बघा, कोणाची कला किती ते कळेल.

माणसं आणि चंद्र एकाच क्लिकमध्ये नीट येणार नाहीत, उजेडात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन वेगळे काढा. आणि उकळत्या पातेल्यावर फोन धरून व्हिडिओ नको: वाफ लेन्सवर बसते, आणि वॉटरप्रूफची आयपी 68 परीक्षा साध्या पाण्यात होते, वाफेत किंवा गोड दुधात नाही. फोटो नंतर ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, म्हणजे दाबले जाणार नाहीत.

साउंडवाला_सिडको

मूळ घोटाळा कोणी बोललंच नाही. गाणी कोणाच्या फोनवरून लावणार? तो फोन रॅकमध्ये आणि ब्लूटूथ जोडलेला, की त्याचा कॉल स्पीकरवर येणार. सासूबाईंचा आवाज थेट तीन विंगला. पेन ड्राइव्ह लावा, 32 जीबी किंवा त्याहून लहान, फॅट32 फॉरमॅटमध्ये. साधे स्पीकर एनटीएफएस बहुतेक वाचत नाहीत. गाणी एमपी3च ठेवा.

हौजीचे आकडे हल्ली ॲपवर काढतात. पिशवी आणि 90 सोंगट्या शोधून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. दूध आटवायला भिंतीवरचं घड्याळ वर न्या. 40 जणांना 150 मिलीप्रमाणे 6 लिटर लागेल, तेव्हा 8 लिटरपासून आटवा, साखर 700 ग्रॅमच्या आसपास, वेलदोडा-जायफळ शेवटी. ढवळणाऱ्याकडे फोन नसल्याने यंदा उतू जाण्याचं कारण उरणार नाही. पैसे रोख आणा, खजिनदाराचं यूपीआयही खिशात लटकलेलं असेल.

पहिली वीसेक मिनिटं अवघड. मंडळी रिकाम्या खिशाला हात लावत राहतील, काहींना मांडीवर फोन थरथरल्याचा भासही होईल; सवयीने मेंदू कापडाच्या घासण्यालाच फोन समजतो. हातांना काम द्या. भिजवलेले बदाम सोलायला, चारोळ्या निवडायला. बदाम गरम पाण्यात आधी भिजवा, नाहीतर साल निघेपर्यंत अकरा वाजतील.

टॉवर_आणि_रेंज

स्मार्टवॉच विसरू नका, मोकळ्या गच्चीवर ब्लूटूथ 10 मीटर सहज पोचतं. दर दोन मिनिटांनी वेळ बघणाऱ्या माणसाला वेळेशी काही देणंघेणं नसतं. घड्याळही त्याच खिशात. आणि घरात पडलेला जुना फोन जमा करून खरा कमरेला लावणारे निघतीलच. घेताना ड्युटीवाल्यासमोर उघडून दाखवायचा, सिम आहे का बघायचं.

परत देतानाही तेच: ज्याच्या बोटाने उघडला त्याचा फोन. एका फोनला 20 सेकंद धरले तर 45 फोनांना 15 मिनिटं, दोन रॅकला दोन माणसं ठेवली तर निम्मी. तिथे बल्ब लावा, कारण आयफोन अंधारात चेहरा ओळखतो, पण कॅमेऱ्यावर चालणारे अनेक अँड्रॉइड नाही. शेजारी बादली आणि नॅपकिन ठेवा, दुधाच्या चिकट बोटाला सेन्सर दाद देत नाही. काच पुसायला किंचित ओलं मऊ कापड. खिडकी पुसायचा स्प्रे नको, त्याने बोटांचे डाग अडवणारा थर झिजतो.

बी_विंग_इंदिरानगर

रॅक आणि कुपनं ठरली. एकच पेच: चेअरमन म्हणतात, माझा फोन सोसायटीच्या कामाचा आहे, तो जमा करता येणार नाही.

कापडी_खिसा

उत्तम. मग तोच ड्युटी फोन. खाली वॉचमनच्या हातात द्या.