कॉलेजचा खरा खर्च किती आला? तुमचे आकडे आणि अनुभव लिहा

मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. सीईटीनंतर (प्रवेश परीक्षा) कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीत, जे कॉलेज लागायचं ते लागेल, पण आमच्या घरात सध्या एकच विषय, खर्च. कॉलेजच्या साइटवर फीचा एक आकडा दिसतो आणि शेजारच्या वहिनी त्याच्या दुप्पट सांगतात. ज्यांनी मुलं शिकवलीत किंवा स्वतः बाहेरगावी राहून शिकलात त्यांनी फी सोडून काय काय लागलं आणि मुख्य म्हणजे कधी लागलं ते लिहा प्लीज. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

बार्शीकर
ताई, माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, मी पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय त्यातलं जसंच्या तसं देतो. कॉट बेसिसवर (रूममध्ये एका खाटेपुरतं भाडं) रूम महिना ५५०० प्रमाणे ११ महिने म्हणजे ६०,५००, डिपॉझिट ११ हजार, मेस ३२०० ने १० महिने ३२ हजार, लॅपटॉप ४२ हजार, आणि ड्राफ्टर, अ‍ॅप्रन, जर्नल, झेरॉक्स, एक्झाम फॉर्म, बसपास सगळं मिळून १२ हजार. झाले १ लाख ५७ हजार ५००. फी होती ९२ हजार! आम्ही फीचीच तयारी केली होती. मेसचं एक आधी विचारून घ्या, खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा, किती दिवसांचा धरतात. आमच्या पोराच्या मेसला सलग तीन दिवस गैरहजर असेल तरच खाडा, तो शनिवार-रविवार घरी यायचा, ते पैसे गेलेच. पहिल्याच आठवड्यात गादी, बादली, कुलूप, पाण्याचा कॅन असं करत करत चार हजार कधी गेले कळलं नाही, ते वहीत पण नाहीत.

फार्मसीवाली
मुलगी आहे म्हणून आवर्जून लिहितेय. ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे (शासन निर्णय) ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल आणि कॅपमधून अ‍ॅडमिशन असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण हॉस्टेल, मेस, कॉशन मनी (कॉलेजचं डिपॉझिट) हे आपल्यालाच भरायचं असतं. आणि माफ असूनही माझ्या कॉलेजात काउंटरवर सांगितलं आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. आईने पाटल्या तारण ठेवल्या. जीआरची प्रिंट सोबत असती तर तिथेच उभं राहून बोलता आलं असतं, म्हणून तुम्ही नक्की न्या, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे सेतूत (सरकारी दाखल्यांचं केंद्र) आत्ताच टाका, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

नांदेडहून
सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधारचा फॉर्म भरला, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना. संभाजीनगरला वर्षाचे ५१ हजार, पुण्या-मुंबईत ६० हजार. त्या पैशावरच शिकलो, योजनेबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिला हप्ता खात्यात आला फेब्रुवारीत आणि मेस सुरू झाली ऑगस्टमध्ये. मेसच्या काकूंनी सहा महिने उधारीवर जेवू घातलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढे रेघा मारायच्या. पैसे आल्या दिवशी पहिले तिकडे गेलो. सगळ्यांना अशा काकू भेटत नाहीत, म्हणून निदान चार महिन्यांचं जेवणाचं हाताशी धरूनच घराबाहेर पडा.

कर्ज फेडतोय
साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही म्हणून एज्युकेशन लोन काढलं, दरवर्षी दीड लाख असे ६ लाख, व्याज १० टक्के. कोर्सची चार वर्षं आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही हे ऐकून घरचे निश्चिंत झाले. हप्ता नाही पण व्याज चालूच असतं हो, हे कुणी नीट सांगितलं नाही. हप्ता सुरू झाला तेव्हा खात्यावर ८ लाख १० हजार बाकी. पहिल्या वर्षी व्याज महिना फक्त १२५० होतं, तेवढं तेव्हाच भरत गेलो असतो तर बाबांना आत्ता ही काळजी नसती. बँकेत विचारा, मधे व्याज भरता येतं.

सध्या जर्मनीत
इकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो एकदम दाखवावे लागतात आणि महिन्याला ९९२ च काढता येतात. पैसे आपलेच, तरी ते एकदम उभे करताना वडिलांचा पीएफ मोडला.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता ह्यांना हाक मारून बसवलं आणि वहीत रकाने पाडले, किती, कधी भरायचे, परत मिळणार का आणि कधी. ऑगस्टच्या रकान्यातच सगळ्यात जास्त आकडे पडलेत. उद्या सेतूत जातेय. बार्शीकर दादा, ते ११ हजार डिपॉझिट परत मिळालं का?

बार्शीकर
मिळालं ताई, रंगाचे दीड हजार कापून. रूम घेताना भिंतींचे फोटो काढून ठेवा.